हिरवी पाठ, पोपटी पोट आणि आठवडाभरात एकच रंग: सातपूरच्या सॉफ्ट प्लॅस्टिक ल्युअरचं प्रकरण

नाशिकच्या सातपूरमधल्या एका घराच्या गच्चीवर, पत्र्याच्या शेडखाली, ऑगस्टच्या शेवटी चार इंची पॅडल-टेल ओतले गेले, म्हणजे वल्ह्यासारख्या शेपटीचे, मासे फसवायचे मऊ प्लॅस्टिकचे नकली मासे (ल्युअर). करणारे दोन मित्र, दोघेही गळाने मरळ मासा पकडण्याच्या मागे असणारे. पाऊस ओसरला आणि गंगापूर धरणाच्या फुगवट्यातला गाळ खाली बसला की ऑक्टोबरमध्ये ल्युअर हाताशी हवेत, असा त्यांचा हिशेब. रंगही ठरलेला होता: पाठ पारदर्शक हिरवी, तिच्यात काळी चमकी, पोट झगझगीत पोपटी-पिवळं, ज्याला ल्युअरच्या दुकानात चार्ट्रूज म्हणतात.

साच्यातून निघतानाच पाठ कोऱ्या चहासारखी तपकिरी दिसत होती. काही ल्युअरमध्ये चमकी जवळपास नव्हतीच, तर काहींत गच्च भरली होती, आणि ती काळी असायची ती चंदेरी निघाली. शेपट्यांवर बारीक खड्डे होते, पृष्ठभाग मंद होता. तरीही ते डब्यात भरून ठेवले गेले. आठवड्याभराने डबा उघडला तेव्हा पाठ आणि पोट यांच्यातली रेषच नाहीशी झाली होती. सगळे ल्युअर एकाच मळकट पोपटी रंगाचे झाले होते. डब्याचा तळ मऊ पडून ल्युअर त्याला चिकटले होते.

दोघांचा निष्कर्ष सरळ होता: रंगाची बाटली वाईट निघाली, दुसरी आणू. हा निष्कर्ष बहुतेक जण काढतात, आणि बहुतेक वेळा दुसरी बाटलीही तशीच वाया जाते. आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: रंग बिघडला कधी? भांड्यात, साच्यात की डब्यात? या तीन टप्प्यांवरच्या बिघाडांची कारणं एकमेकांशी संबंधित नसतात आणि त्यांचे उपायही वेगळे असतात. या प्रकरणात तिन्ही ठिकाणी बिघाड झाला होता, म्हणून ते एकाच बाटलीचं काम वाटलं.

काय वापरलं होतं

मूळ माल प्लॅस्टिसॉल, म्हणजे पीव्हीसीची बारीक भुकटी प्लॅस्टिसायझर तेलात कालवलेली. थंड असताना ते दुधासारखं पांढरं असतं. सत्तर-ऐंशी अंशांपुढे घट्ट होऊ लागतं, मध्ये गुठळ्या झाल्यासारखं दिसतं, मग पुन्हा सैल होऊन साधारण १६५ ते १७५ अंश सेल्सिअसला पूर्ण पारदर्शक होतं. तो पारदर्शकपणा आला की पीव्हीसी आणि तेल एकजीव झाले असं समजायचं.

नाशिकमध्ये प्लॅस्टिसॉल मिळायला अडचण नाही, कारण पक्कड-पान्यांच्या मुठींवर मऊ आवरण चढवायला कारखाने ते वापरतात. पण मुठीच्या मालात बऱ्याचदा कॅल्शियम कार्बोनेटची भुकटी भरलेली असते. असा माल गरम केल्यावर पारदर्शक होतच नाही, दुधट राहतो, आणि त्यात घातलेला प्रत्येक रंग फिका, खडू मिसळल्यासारखा येतो. विकत घेताना ‘भरण नसलेला, क्लिअर’ असा स्पष्ट शब्द वापरावा आणि दोन चमचे तापवून खात्री करावी. या दोघांनी एवढी काळजी घेतली होती. त्यांचा मूळ माल चांगला होता.

प्रमाण असं: प्लॅस्टिसॉल २५० मिली, मऊपणासाठी सॉफ्टनर (तोच प्लॅस्टिसायझर) ५० मिली. हीट स्टॅबिलायझर (तापताना माल करपू न देणारं रसायन) घातला नव्हता. हिरव्यासाठी मेणबत्तीचा रंग, पोपटीसाठी फ्लुओरोसंट पावडर, चमकी हस्तकलेच्या दुकानातली. साचा पीओपीचा, चार घरांचा, वरून उघडा. तापवायला जुना मायक्रोवेव्ह, फक्त याच कामाचा. थर्मामीटर नव्हता, पारदर्शक झालं की झालं, असा अंदाज.

भांड्यातला बिघाड: करपलेला मूळ माल

पीव्हीसीला उष्णता फार वेळ सहन होत नाही. तापमान चढत गेलं, किंवा ठीक तापमानालाही तो फार काळ राहिला, की त्याच्या साखळीतून हायड्रोजन क्लोराइड वायू सुटू लागतो. मागे राहणारा भाग आधी पिवळा, मग केशरी, मग तपकिरी दिसतो. सुटलेलं आम्ल पुढचं करपणं आणखी वेगाने घडवतं, म्हणून एकदा पिवळेपणा सुरू झाला की तो थांबत नाही. हिरव्या रंगात हा तपकिरी मिसळला की चिखलाळ ऑलिव्ह उरतो. आणखी हिरवा ओतून तो सुधारत नाही, फक्त गडद होतो.

इथे १९० अंशांच्या वर किती वेळा गेलं हे कुणालाच माहीत नव्हतं, पण ते का गेलं याचं उत्तर साच्यात होतं. एका ल्युअरला सुमारे ८ ग्रॅम माल लागतो. चार घरांचा साचा म्हणजे एका फेरीत ३२ ग्रॅम. ३०० मिली माल संपवायला नऊच्या आसपास फेऱ्या. प्रत्येक फेरीत ल्युअर निवून सुटायला सहा-सात मिनिटं. म्हणजे माल तासाभराहून अधिक वेळ भांड्यात, आणि प्रत्येक फेरीआधी पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये. मायक्रोवेव्ह सगळीकडे सारखा तापवत नाही. मधला भाग २०० ला पोचलेला असतानाही कडेला दाट थर दिसतो, आणि तो थर विरघळावा म्हणून आणखी अर्धा मिनिट दिला जातो. शेवटच्या फेऱ्यांचे ल्युअर पहिल्यांपेक्षा जास्त तपकिरी होते, हाच पुरावा. बाटली दोषी असती तर सगळे ल्युअर सारखे बिघडले असते.

खात्रीसाठी एक साधी चाचणी आहे आणि ती प्रत्येकाने एकदा करावीच. रंग न घालता ५० मिली माल १७५ अंशांपर्यंत तापवा आणि स्टीलच्या झाकणात चमचाभर ओता. उरलेला पुन्हा तापवा, पुन्हा ओता. असं पाच-सहा वेळा. चकत्या ओळीने पांढऱ्या कागदावर मांडल्या की आपला माल किती वेळा तापवणं सहन करतो ते डोळ्यांना दिसतं. सातपूरच्या मालात तिसऱ्या चकतीपासून पिवळट झाक स्पष्ट होती. तोच माल १ टक्का द्रव कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर घालून तापवला तर पाचवी चकतीही जवळजवळ स्वच्छ राहिली.

उपाय दोन. स्टॅबिलायझर घाला, आणि त्याहून महत्त्वाचं, साच्याला पेलेल एवढाच माल एका वेळी तापवा. चार घरांच्या साच्याला १०० मिली पुरे. तीन फेऱ्यांत संपतो आणि दोनदाच पुन्हा तापवावा लागतो. मायक्रोवेव्हमध्ये १०० मिलीला पहिल्यांदा एक मिनिट, ढवळणं, मग वीस-वीस सेकंदांचे टप्पे. प्रत्येक टप्प्यानंतर तळापासून ढवळूनच तापमान बघायचं. टेम्परेचर गन फक्त वरच्या सालीचं तापमान दाखवते. न ढवळता मारली तर खरं तापमान १५-२० अंशांनी जास्त असू शकतं. बुडवायचा थर्मामीटर केव्हाही बरा.

इथेच सुरक्षेचं बोलायला हवं. तीक्ष्ण, नाकात बोचणारा वास आला तर तो ‘प्लॅस्टिकचा वास’ म्हणून सोडून देऊ नका. तो आम्लाचा वायू आहे. मायक्रोवेव्ह बंद करा, भांडं उघड्यावर ठेवा, बाजूला व्हा. कापडी मास्क इथे निरुपयोगी आहे. सेंद्रिय बाष्प आणि आम्लवायू या दोन्हींसाठीचं काडतूस असलेला मास्क लागतो. १७० अंशांचा प्लॅस्टिसॉल कातडीला चिकटून बसतो, झटकून जात नाही. म्हणून पूर्ण बाह्या, चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. आणि हा मायक्रोवेव्ह, हे भांडं, हा चमचा पुन्हा कधीही स्वयंपाकघरात जाणार नाही.

भांड्यातलाच दुसरा बिघाड: चमकी

हस्तकलेच्या चमकीत पुष्कळदा पातळ पीव्हीसीची पत्री असते, ती १७० ला वाकते, सुरकुतते. पत्री पॉलिएस्टरची असली तरी तिच्यावरचा रंग साध्या लॅकरचा असतो आणि तापलेल्या प्लॅस्टिसायझरमध्ये तो सुटतो. काळा थर गेला की खालचा ॲल्युमिनियमचा थर उघडा पडतो. काळी चमकी चंदेरी झाली ती अशी, आणि सुटलेला काळा रंग हिरव्यात मिसळून पाठ आणखी मळकी झाली. लाल आणि जांभळी चमकी तर याहून वाईट. लाल चमकीने पांढरा ल्युअर गुलाबी होतो.

तपासायची रीत: ३० मिली बिनरंगी माल, त्यात दोन चिमूट चमकी, १७५ अंशांपर्यंत तापवून दहा मिनिटं गरम ठेवा, मग झाकणात ओता. मालाला रंग आला नाही, पत्री सपाट राहिली, कडा षटकोनी राहिल्या, तर ती चमकी चालेल. पॉलिएस्टर स्वतः २५० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे मूळ पत्रीला धोका नसतो. प्रश्न वरच्या रंगाचाच असतो.

काही ल्युअरमध्ये चमकी कमी-जास्त का झाली? पत्री प्लॅस्टिसॉलपेक्षा जड आहे आणि गरम माल पातळ असतो. भांडं अर्धा मिनिट स्वस्थ ठेवलं की चमकी तळाशी. वरचा माल आधी ओतला जातो, तो रिकामा, शेवटचा गच्च. चमकी सर्वांत शेवटी घालावी, दर ओतण्याआधी तळ खरवडून ढवळावं, आणि ओतताना माल १६० ते १६५ वर आणावा, तेव्हा तो जरा दाट असतो आणि पत्री अधांतरी धरून ठेवतो. ढवळताना चमचा गोल फेटायचा नाही, हवा शिरते. तळावरून सावकाश ओढायचा.

साच्यातला बिघाड

ऑगस्टमधलं नाशिक आणि पीओपीचा साचा ही जोडी वाईट. पीओपी हवेतली ओल धरून ठेवतं. त्यावर १७० अंशांचा माल पडला की वाफ होते आणि ती जिथून वाट मिळेल तिथून, म्हणजे मऊ प्लॅस्टिकमधून, बाहेर येते. शेपटी सर्वांत पातळ, म्हणून खड्डे तिथे. बारीक बुडबुडे आत अडकले की पारदर्शक हिरवा दुधट दिसतो. याला अनेकजण रंगाचा दोष समजतात आणि आणखी रंग ओततात.

साचा भट्टीत १००-१२० अंशांवर सुकवायचा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो चुकीचा आहे. जमलेल्या पीओपीत, म्हणजे जिप्सममध्ये, पाणी रासायनिकरीत्या बांधलेलं असतं. एवढ्या उष्णतेत ते बांधलेलं पाणीच सुटायला लागतं आणि साचा भुसभुशीत होतो. ४५ ते ५० अंशांवर, पंख्याखाली, वजन करून सुकवावा. रोज वजन घ्या. दोन दिवस वजन घटलं नाही की साचा कोरडा. मग पातळ केलेल्या इपॉक्सीचे दोन-तीन हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन. हा थर दोन कामं करतो. ओल आत-बाहेर होऊ देत नाही, आणि पृष्ठभाग गुळगुळीत करतो. साच्याच्या गुळगुळीतपणाचा रंगाशी थेट संबंध आहे. मंद पृष्ठभागावरून प्रकाश विखुरतो आणि तोच हिरवा राखाडी भासतो. चकचकीत पृष्ठभागाखाली तो खोल, ओला दिसतो. मंद निघालेल्या ल्युअरवर बोटाने तेल चोळून बघा. रंग लगेच ‘परत आला’ तर दोष साच्याचा. सातपूरच्या ल्युअरच्या शेपट्यांवर तेल लावल्यावर अर्धा दुधटपणा गेला. उरलेला बुडबुड्यांचा होता.

पीओपीचा साचा कितीही जपला तरी फार ओतण्यांनंतर कडा झिजतात, कारण गरम माल दरवेळी थोडं बांधलेलं पाणी हिसकावतोच. चार-सहा नमुने ठरवायला तो उत्तम आहे. नमुना पक्का झाला की सिलिकॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा साचा करावा.

पाठ-पोटाची रेष ही साच्यातली शेवटची गोष्ट. उघड्या साच्यात पाठ खाली असेल तर हिरवा आधी, साधारण साठ टक्के उंचीपर्यंत. वरची साय जरा धरू द्यायची, पण आत गरम असायला हवं. या जाडीला वीस ते तीस सेकंद. मग पोटाचा माल १६५-१७० ला, एकाच जागी धार न धरता लांबीभर फिरवत. लगेच ओतला तर दोन्ही माल ढवळून रेष फाटते. उशीर झाला तर थर एकजीव होत नाहीत आणि पहिल्याच माशाच्या ओढीला पाठ-पोट सुटं होतं. सुटतात की नाही ते ल्युअर दुमडून, रेषेवर ताणून बघायचं.

डब्यातला बिघाड, आणि खरा गुन्हेगार

आठवड्याभरात रेष विरून गेली, ती साच्यात नव्हे, डब्यात. इथे मात्र रंगच दोषी होता, पण वाईट म्हणून नव्हे, चुकीच्या जातीचा म्हणून.

रंग दोन जातींचे. पिगमेंट म्हणजे न विरघळणारे बारीक कण. ते पीव्हीसीत जिथे अडकतात तिथेच राहतात. डाय विरघळतो. मेणबत्तीचा रंग तेलात विरघळणारा डाय असतो. मेणात तो सुंदर पसरावा म्हणूनच तो तसा केलेला असतो. प्लॅस्टिसॉलमध्येही तो झटकन मिसळतो, काचेसारखा स्वच्छ रंग देतो, आणि म्हणूनच मोह होतो. पण मऊ ल्युअरमध्ये प्लॅस्टिसायझर मोठ्या प्रमाणात असतो आणि तो आत मोकळा फिरत असतो. डाय त्याच्याबरोबर फिरतो. पाठीतला हिरवा पोटात उतरतो, शेजारच्या ल्युअरमध्ये जातो, डब्याला लागतो. ल्युअर जितका मऊ आणि डबा जितका गरम, तितकं हे लवकर. ५० मिली जादा सॉफ्टनरने इथे वेग वाढवलाच.

कोणता रंग डाय आणि कोणता पिगमेंट हे ओळखायला बाटलीवरच्या नावावर विसंबू नये. टिपकागदाचा तुकडा घ्या. रंग थोड्या सॉफ्टनरमध्ये मिसळून त्याचा एक थेंब कागदाच्या मध्यावर टाका आणि रात्रभर ठेवा. तेल गोलाकार पसरतं. रंग तेलाच्या कडेपर्यंत पोचला असेल तर डाय. मध्यावर ठिपका राहून भोवती फक्त तेलाचं बिनरंगी वर्तुळ असेल तर पिगमेंट. मेणबत्तीच्या हिरव्याने पूर्ण वर्तुळ हिरवं केलं. फ्लुओरोसंट पावडरने मध्यभागी दाट ठिपका आणि भोवती फिकट पिवळी झाक, असं मधलंच उत्तर दिलं.

ते मधलं उत्तर अपेक्षितच आहे. फ्लुओरोसंट ‘पिगमेंट’ म्हणजे खरं तर डाय रेझिनच्या कणांत कोंडलेला. कण साध्या थर्मोप्लॅस्टिक (तापल्यावर पुन्हा मऊ होणाऱ्या) रेझिनचे असतील तर प्लॅस्टिसायझर ते फुगवतो आणि डाय बाहेर पाझरतो. थर्मोसेट (एकदा घट्ट झाल्यावर पुन्हा न वितळणाऱ्या) रेझिनचे असतील तर पुष्कळ टिकाव धरतात. पावडर घेताना प्लॅस्टिसॉलसाठीची थर्मोसेट जात मागावी. आणि ती शेवटी घालावी, कारण फार तापली तर तिची झळाळी जाते. उन्हातही ती विटते.

नाशिकमध्ये सहज हाती लागणारे आणखी काही रंग इथे बाद करायला हवेत. खाण्याचा द्रव रंग आणि ॲक्रिलिक पेंट दोन्ही पाण्याचे. १७० अंशांच्या मालात पाणी पडलं की तो उसळून अंगावर येतो. रांगोळीचे रंग दगडाच्या भुकटीवर चढवलेले. भुकटी तळाशी बसते आणि चढवलेला रंग सुटतो. सातपूर-अंबडच्या प्लॅस्टिक कारखान्यांत मिळणारे मास्टरबॅचचे (गच्च रंग भरलेल्या प्लॅस्टिकचे) दाणे दिसायला आकर्षक, पण ते बहुधा पॉलिथिनच्या आधाराने केलेले. प्लॅस्टिसॉलमध्ये ते विरघळत नाहीत, रंगीत गाठी होऊन राहतात.

चालतं काय? हिरव्यासाठी थॅलो ग्रीन, काळ्यासाठी कार्बन ब्लॅक, अपारदर्शक पांढऱ्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड, तांबूस तपकिरीसाठी लाल लोहऑक्साइड, झळाळीसाठी मोती अभ्रक. पिवळा लोहऑक्साइड टाळावा. १८० अंशांच्या आसपास त्यातलं पाणी सुटून तो तांबडा होऊ लागतो. भोपळी-हिरव्या ल्युअरचा रंग ‘आपोआप’ लाल होतो त्यामागे कधीकधी हेच असतं.

नवं प्रमाण

कोरडा पिगमेंट थेट गरम मालात टाकला तर गाठी होतात. आधी पेस्ट: १ ग्रॅम पिगमेंट, १९ ग्रॅम सॉफ्टनर, काचेच्या फरशीवर सपाट सुरीने दहा-पंधरा मिनिटं रगडून. ही ५ टक्क्यांची पेस्ट. थेंब मोजू नयेत. ड्रॉपर बदलला की थेंब बदलतो. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा सोनाराच्या दुकानात असतो तसा स्वस्तात मिळतो आणि या छंदातली ती सर्वांत कामाची वस्तू आहे.

पाठीचा माल: प्लॅस्टिसॉल ८५ ग्रॅम, सॉफ्टनर १५ ग्रॅम, स्टॅबिलायझर १ ग्रॅम, थॅलो ग्रीनची पेस्ट ०.२ ग्रॅम, कार्बन ब्लॅकची पेस्ट ०.०२ ग्रॅम, १ मिलिमीटरची काळी चमकी १ ग्रॅम. थॅलो ग्रीन अतिशय जोरदार आहे, ०.४ च्या पुढे पाठ पारदर्शक राहत नाही. पेस्ट थंड मालातच मिसळायची, म्हणजे तापताना ती सारखी पसरते. चमकी मात्र पारदर्शक झाल्यावर.

रंग बाटलीत, भांड्यात किंवा झाकणातल्या जाड चकतीत पाहून ठरवू नये. अंगाची जाडी १२-१३ मिलिमीटर, शेपटीची २. तोच माल एका ठिकाणी गडद आणि दुसऱ्या ठिकाणी जवळजवळ बिनरंगी दिसतो. सपाट तळाच्या स्टीलच्या झाकणाखाली एका बाजूला नाणं ठेवा आणि माल ओता. एका कडेला कागदाइतकी पातळ आणि दुसऱ्या कडेला जाड अशी उतरती चकती मिळते, आणि एकाच ओतण्यात सगळ्या जाड्यांचा रंग समोर येतो. अशा चकत्यांवर प्रमाण कायम शाईने लिहून त्या जपून ठेवाव्यात. पुढच्या वर्षी तोच रंग पुन्हा करायचा तर स्मरणशक्ती उपयोगी पडत नाही.

शेवटची परीक्षा पाण्यातली. धरणाचं पाणी रुंद काचेच्या बरणीत घ्या, चकती आत सोडा, आणि बरणी आकाशासमोर धरून खालून वर पाहा. मरळ बहुतेक वेळा खालून बघते. गढूळ तपकिरी पाण्यात निळ्याकडचा प्रकाश आधी गिळला जातो, म्हणून ऑगस्टच्या पाण्यात नाजूक हिरवा निरर्थक. तिथे काळा किंवा अपारदर्शक पोपटी. ऑक्टोबर-नोव्हेंबरचं हिरवट, निवळतं पाणी पारदर्शक पाठीला न्याय देतं.

पोटाच्या बाबतीत मात्र बदल करावा लागला. थर्मोसेट पावडर ०.६ ग्रॅम आणि पांढरा मोती अभ्रक १ ग्रॅम, असा १०० ग्रॅमला केलेला चार्ट्रूज टिपकागदावर बराच स्थिर ठरला. तरी त्याचा तुकडा हिरव्या पाठीला लागून ठेवला तेव्हा तीन आठवड्यांनी रेषेजवळ पाठीवर हलकी पिवळी झाक चढलीच. आमच्या मते फ्लुओरोसंट रंग दोन थरांच्या ल्युअरमध्ये वापरूच नयेत. पूर्ण एकरंगी चार्ट्रूज ल्युअर करावेत आणि ते वेगळे ठेवावेत. दोन थरांसाठी पोट फक्त मोती अभ्रकाचं. ते खालून चमकतं, रेष शाबूत राहते, आणि पुढच्या हंगामातही तसंच असतं. या दोघांनी पोपटी पोटाचा हट्ट सोडला आणि हिरवी पाठ, मोतिया पोट असे ल्युअर केले. तीच रेष अजूनही सुईच्या टोकासारखी बारीक आहे.

डबा आणि उरलेले ल्युअर

प्लॅस्टिसायझर पारदर्शक, कडक पॉलिस्टायरीनचे डबे विरघळवतो. चिकटलेला तळ त्यातूनच आला. पॉलिप्रॉपिलीनचे डबे आणि पॉलिथिनच्या झिप पिशव्या चालतात. एका पिशवीत एकच रंग, शेपट्या न दुमडता, वर थोडं मिनरल ऑइल. टीपीई (रबरासारखं दुसरं प्लॅस्टिक) जातीचे ताणले जाणारे बाजारी ल्युअर पीव्हीसीच्या ल्युअरशेजारी कधीही ठेवू नयेत. दोघे मिळून चिकट लगदा होतो. उन्हात उभ्या गाडीत पेटी ठेवली तर वरचे सगळे नियम पाळूनही रंग फिरतील.

पहिल्या खेपेचे बिघडलेले ल्युअर फेकायचे नव्हते, आणि पाण्यात तर मुळीच सोडायचे नव्हते. हे प्लॅस्टिक तिथे कुजत नाही. ते बारीक कापून, १ टक्का स्टॅबिलायझर आणि ५ टक्के सॉफ्टनर घालून, एकदाच १७० पर्यंत वितळवले. सुरकुतलेली चमकी स्टीलच्या जाळीतून गाळून काढली. १०० ग्रॅमला २ ग्रॅम कार्बन ब्लॅकची पेस्ट घातली. तपकिरी, हिरवा, पोपटी सगळं काळ्यात झाकलं गेलं, आणि पावसाळ्याच्या गढूळ पाण्याला लागणारे काळे पॅडल-टेल तयार झाले. मेणबत्तीचा डाय मात्र त्यांच्यातही आहे आणि तो बाहेर पाझरतच राहील, म्हणून त्यांची पिशवी वेगळी आहे आणि तिच्यावर तसं लिहिलेलं आहे. हे ल्युअर तिसऱ्यांदा वितळवू नयेत. पीव्हीसी तोवर इतकी थकलेली असते की स्टॅबिलायझर घालूनही शेपटी पहिल्या फेकीतच तुटते.